सस्पेन्स खात्यातली भुतं

भुतांविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. कोकणात आजोळ असलेल्या माणसाची असूही नये. त्यामुळे १८६३ च्या जुलैत गेटिसबर्गच्या रणांगणावर पडलेली प्रेतं उठली आणि जिवंत शिपायांवर धावून गेली, असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावतो. १८६८ च्या भूकंपात कॅलिफोर्नियाचा मोठा तुकडा समुद्रात गेला, हेही कबूल. माझी मान थांबते ती पुढच्या वाक्यावर. अमेरिकेतलं यादवी युद्ध त्यामुळे लांबलं, दक्षिणेचं बंडखोर राज्य टिकलं, आणि त्या राज्याने आपली गुलामगिरी आपणहून रद्द करून टाकली!

हा मजकूर एका खेळाच्या पुस्तकातला आहे. खेळाचं नाव 'डेडलँड्स', कर्ते शेन लेसी हेन्स्ली, साल १९९६. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात, एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक सोंग घेतात आणि सगळे मिळून तोंडाने गोष्ट रचत जातात. या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे १९७४ सालचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तिथे निकाल फाशांवर लागतात. डेडलँड्समध्ये फाशांच्या जोडीला पत्ते आणि पोकरच्या चकत्याही लागतात. एरवी हा सरंजाम घेऊन मुलं बसली की आई-वडील ओरडतात, इथे त्याला कल्पनाशक्ती म्हणतात. आमचा भाचा शनिवारी रात्री १८७६ सालचा बंदूकबाज होतो. रविवारी सकाळी कोपऱ्यावरून दूध आणायला मात्र त्याला उठवत नाही.

तर हा भाचा मला म्हणाला, "मामा, प्रेतं उठलेली तुम्हाला चालतात, मग गुलामगिरी गेलेली का चालत नाही? दोन्ही कल्पनाच!"

वरवर पाहता बिनतोड. पण भाचा इंजिनियर आहे, त्याने कधी रात्री साडेआठपर्यंत बारा रुपयांचा फरक शोधलेला नाही. बँकेत सस्पेन्स खातं नावाची एक सोय असते. ज्या रकमेचा धागादोरा लागत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची, मेळ बसवायचा आणि घरची गाडी पकडायची. भुतं, राक्षस, जादूटोणा ही कल्पितातली सस्पेन्स खाती. प्रेत का उठलं याचं व्हाउचर कुणी मागत नाही, कारण त्या उठण्याने कुणाचं देणं बुडत नाही. गुलामगिरी ही तशी रक्कम नव्हे. ते नावनिशीवार देणं आहे. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाखांहून अधिक माणसं गुलाम म्हणून मोजली गेली. दक्षिणेच्या राज्यघटनेत या मालकीला धक्का लावणारा कायदा करायलाच बंदी होती. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सवाना शहरी भर सभेत सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या तत्त्वावरच आमच्या राज्याचा पाया आहे. आता ज्याच्यासाठी दुकान थाटलं तेच मालकाने हसत हसत सोडून द्यावं, आणि पाटी, गल्ला, गिऱ्हाईक सगळं जागच्या जागी! त्यापेक्षा प्रेत उठणं सोपं.

हेतू चांगलाच असणार. सगळ्या रंगांच्या खेळाडूंनी एका टेबलाशी बसावं, कुणाला कुचंबल्यासारखं होऊ नये. पण कर्ज माफ केल्याची नोंद करायला धनको लागतो हो! ऋणकोने आपल्याच हाताने 'माफ' लिहून खाली सही ठोकायची, याला आमच्यात वेगळा शब्द आहे.

सगळेच खेळ असे नसतात. माइक पॉन्डस्मिथ यांच्या १९९४ च्या 'कॅसल फाल्कनस्टाइन'मध्ये बव्हेरियाचा दुसरा लुडविग राजा पऱ्या आणि ड्रॅगनांच्या संगतीत सुखाने नांदतो. खरा लुडविग किल्ले बांधता बांधता कर्जात बुडाला आणि १८८६ साली तळ्यात मृतावस्थेत सापडला. फाल्कनस्टाइन तर कागदावरच राहिला. खेळात तो बांधून पुरा होतो. होऊ द्या की. २०२२ सालच्या 'कायोटी अँड क्रो'मध्ये आकाशातून काहीतरी पृथ्वीवर आदळतं आणि गोरे लोक अमेरिकेचा ताबा घ्यायला येतच नाहीत. मूळ रहिवाशांच्याच वंशातल्या लेखकांनी तो रचला आहे. चमत्कार तोच, पण इथे खोडरबर धनकोच्या हातात आहे.

आपण मराठी माणसांनी फार हसू नये. नारळीकरांनी एका कथेत पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी चुकवली, पण त्या गोळीचा हिशेब विज्ञानाने द्यायची खटपट तरी केली. आम्ही मात्र जेवणानंतर सुपारी कातरता कातरता १७६१ जिंकतो, पेशवाई अटकेपार नेतो, आणि त्या सुंदर पुण्यात अस्पृश्यता औषधालाही नसते. ती कुणी घालवली, कधी, कुणाशी भांडून, हे विचारलं की लोक बडीशेप पुढे करतात.

भाच्याला मी एकच ताळा करायला सांगितला. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी झीज सोसून गुलामांना मुक्त केलं. तुमच्या खेळाचं पुस्तक धरलं तर १८७३ साली जोतीरावांनी ती कुणाला अर्पण करायची? ज्यांनी चाबूक खाली ठेवला म्हणून, त्या मळेवाल्यांना?

भाचा गप्प बसला. मग त्याने नवी आवृत्ती आणून दाखवली. २०२० च्या सुमारास खुद्द प्रकाशकांनीच नोंद फिरवली आहे. आता दक्षिणेचं राज्य १८७१ सालीच हरून संपतं. प्रेतं उठतात, कॅलिफोर्निया बुडतो, बंदूकबाज पत्ते पिसतात, एकाही भुताने राजीनामा दिलेला नाही. आणि १८७१ नंतर १८७३. जोतीरावांचं टपाल आता बरोबर पत्त्यावर पोचतं.