भारी ऑइल नको, बरोबर ऑइल ठेवा



ऑइल आणि स्पेअर पार्ट्सचं दुकान टाकणारे मला हमखास विचारतात, "सर, रेसिंगवालं सिंथेटिक गिअर ऑइल ठेवू का? मार्जिन चांगलं सुटतं म्हणे." माझं मत सरळ आहे. हिंगोली जिल्ह्यात दुकान टाकताय ना? मग पहिल्या वर्षी तरी ठेवू नका.

ऑइल वाईट आहे म्हणून नाही. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर गाडी पळते, तेव्हा गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल प्रचंड तापतात. त्या उष्णतेत साधं ऑइल पातळ होतं, सिंथेटिक दातांवरचा थर धरून ठेवतं. तिथे ते पैसे वसूल करतं.

आता बाटलीवरचा नंबर वाचा. ७५डब्ल्यू-९० मधला ७५डब्ल्यू म्हणजे थंडीतला ग्रेड. त्याची चाचणी उणे ४० अंशांवर होते. ८०डब्ल्यूची उणे २६ वर. आपल्या औंढ्यात, सेनगावात एवढी थंडी कधी पडणार? म्हणजे गिऱ्हाईक ज्याचे पैसे मोजतं, त्यातला एक गुण इथे कामालाच येत नाही.

दुसरी गोष्ट जीएल-४ आणि जीएल-५. जीएल-५ मध्ये जास्त दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. पिकअपच्या मागच्या क्राउन-पिनियनला ती लागतातच. पण जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये तेच ओतलं, तर आतल्या पितळी रिंगांना त्रास होऊ शकतो, गिअर अडकायला लागतो. पाच नंबर चारपेक्षा मोठा आहे म्हणून भारी, असं नसतं बरं का!

आणि आपलं गिऱ्हाईक कोण? हळद घेऊन वसमत किंवा हिंगोलीच्या मार्केटला येणारा ट्रॅक्टरवाला. ऑइल ब्रेकच्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक एकाच ऑइलवर चालतात. त्याला वेगळं ट्रॅक्टर ऑइल लागतं. तिथे नव्वद नंबर टाकलं तर ब्रेक कुरकुरतात, लिफ्ट मंदावते. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, क्लच, गिअर सगळं इंजिन ऑइलमध्येच असतं, वेगळं गिअर ऑइल लागतच नाही. स्कूटीला लागतं, पण साधारण शे-सव्वाशे मिली.

आता हिशेब. समजा २४,००० रुपयांचं रेसिंग ऑइल भरलं, मार्जिन ३० टक्के. वर्षात निम्मा माल गेला तर सुटले ३,६०० रुपये, आणि १२,००० रुपये फळीवर धूळ खात बसले. तेच २४,००० ट्रॅक्टर ऑइलमध्ये १० टक्क्यांवर वर्षात चार वेळा फिरले, तर ९,६०० रुपये. मार्जिन बघून माल भरू नका, माल किती वेळा फिरतो ते बघा.

पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे नाव. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याचा ट्रॅक्टर उभा राहिला, तर तो ऑइलच्या कंपनीला शिव्या देत नाही. "अमक्याच्या दुकानातून आणलं होतं," एवढंच गावात सांगतो. पाराजवळ बसलेले दहा जण ते ऐकतात. ते गिऱ्हाईक परत आणायला कुठलीच ऑफर पुरत नाही.

म्हणून तीन कामं करा.

१. दुकान उघडण्याआधी आपल्या पट्ट्यातल्या चार मिस्त्रींकडे बसा. कोणती ट्रॅक्टर, पिकअप जास्त येतात ते लिहून घ्या. प्रत्येकीच्या मॅन्युअलमधला ग्रेड आणि किती लिटर लागतं, याचा तक्ता काउंटरमागे लावा.

२. माल अधिकृत वितरकाकडूनच, पक्क्या बिलावर घ्या. बॅच नंबर जपून ठेवा. डुप्लिकेट ऑइल स्वस्त पडतं, पण दुकान महागात जातं.

३. कुणी म्हणालं, "दादा, सगळ्यात भारी द्या," तर आधी विचारा, "गाडी कोणती, मॉडेल कोणतं?" कुणाला खरंच रेसिंगचं लागलं, तर अ‍ॅडव्हान्स घेऊन मागवून द्या. मॅन्युअलमध्ये सिंथेटिक लिहिलं असेल तर तेच द्या, स्वस्तातलं देऊ नका.

गिऱ्हाइकाला दोनशे रुपये कमी खर्चाचं पण बरोबर ऑइल दिलंत, तर पुढचं फिल्टर, बेल्ट, बेअरिंग तो तुमच्याकडूनच नेईल. खरा धंदा तिथे आहे.

तुमच्या गावात कोणत्या गाड्या जास्त आहेत, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरून पहिल्या मालाची यादी बनवू.