रेडिओ विकत घेण्याआधी डोळे मिटून बघा

पोस्ट जरा लांब आहे. पण घरात कुणाची नजर अधू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमचे आबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी कामगार होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून रेडिओ हाच त्यांचा पेपर. सकाळच्या बातम्या, दुपारची गाणी, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम. जुना दोन चाकांचा सेट बंद पडला, म्हणून मी हौसेने नवा 'डिजिटल' आणला. चकचकीत स्क्रीन, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, सगळं काही. तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "बाळा, हा तू तुझ्यासाठी आणलास का?"

चूक माझीच होती. त्या सेटवर एकच बटण दाबत गेलं की आधी ब्लूटूथ, मग पेनड्राइव्ह, मग कार्ड, मग रेडिओ. आत्ता काय चालू आहे, ते फक्त स्क्रीनवर दिसतं. चुकून बोट लागलं की आबा मी कामावरून येईपर्यंत तसेच बसून राहायचे. जुन्या सेटवर जे काम ते स्वतः करायचे, त्यासाठी आता दुसऱ्याची वाट बघायची. हे मला फार लागलं.

म्हणून आता सांगतो. दुकानात सेट हातात घ्या, डोळे मिटा आणि चार गोष्टी करून बघा: चालू करणे, स्टेशन बदलणे, आवाज कमीजास्त करणे, बंद करणे. दुकानदाराला न विचारता जमलं तर घ्या, नाहीतर ठेवून द्या.

बटणं उठावदार आणि एकमेकांपासून लांब हवीत. आवाजाचं चाक वेगळं हवं, बंद करताना 'टक्' असं कळायला हवं. आवडती स्टेशनं साठवायला चार-पाच स्वतंत्र बटणं असली तर उत्तमच. लाईट जाऊन आली तरी आधीचंच स्टेशन लागायला हवं. चार्जिंगची पिन शक्यतो टाईप-सी बघा, ती उलटसुलट कशीही बसते. साधे सेल चालणारा सेट असेल तर अजून चांगलं. घरी आणल्यावर मुख्य बटणावर एम-सीलचा बारीक ठिपका लावा, बोटाला खूण राहते.

आणखी एक. बरेच स्वस्त सेट फक्त एफएम पकडतात. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर, ५५८ किलोहर्ट्झला आहे, त्यामुळे एफएमसोबत मध्यम लहरी हव्यातच. सिमेंटच्या इमारतीत त्या कमी पोचतात, एलईडी दिवे आणि चार्जर खरखर वाढवतात. सेट खिडकीशी ठेवून हळूहळू फिरवा. मध्यम लहरींचा अँटेना आतच आडवा असतो, त्यामुळे दिशा बदलली की आवाज सुधारतो.

"मोबाईलवर अॅप आहे की," असं बरेच जण म्हणतील. दृष्टिहीन तरुण मुलं टॉकबॅक लावून मोबाईल झरझर वापरतात, ते मी पाहिलंय. पण सत्तरीत डोळे गेलेल्या माणसाला गुळगुळीत काचेवर बोट फिरवायला शिकवणं सोपं नाही. शिवाय २६ जुलै २००५ आठवा. वीज आणि फोन दोन्ही गेल्यावर बाहेरची खबर मिळायला सेलवरचा रेडिओच उपयोगी.

आता मुख्य मुद्दा. आकाशवाणीने ३० हून जास्त मध्यम लहरी प्रक्षेपकांवर डीआरएम हे डिजिटल तंत्र आणलंय. आवाज जवळजवळ एफएमसारखा स्वच्छ, एकाच प्रक्षेपकावरून दोन-तीन कार्यक्रम, वर लेखी बातम्या आणि आपत्तीच्या सूचना. लाखो नव्या मोटारींत हा रेडिओ आहे. घरात वापरायचा सेट मात्र शोधावा लागतो आणि मिळाला तर महाग मिळतो. आणि त्या लेखी सूचना दिसणार कुठे? स्क्रीनवर! पुराचा इशारा आला तर आबांनी तो कसा वाचायचा?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ सांगतं की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा रचनेची मिळावीत, यासाठी सरकारने पावलं उचलावीत. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानेही सुगम्यतेबाबत नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत, बंधनकारक नियम करा, असं बजावलं. मग सरकारी पैशाने उभ्या राहिलेल्या डिजिटल रेडिओच्या सेटला बोलणारा मेनू सक्तीचा का नको?

ब्रिटनमध्ये अंधांना रेडिओ देण्यासाठी १९२० च्या दशकाच्या अखेरीसच खास निधी उभा राहिला. आपल्याकडे महापालिकेने ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. पनवेल महापालिकेने त्यातून दृष्टिहीनांना हाताने ओळखता येईल असा रेडिओ द्यावा, आणि निवड करताना दोन-चार दृष्टिहीन माणसांनाच टेबलापाशी बसवावं. इतकीच मागणी आहे. आपापल्या नगरसेवकापर्यंत ती पोचवा.

आबांसाठी शेवटी पुन्हा दोन चाकांचाच सेट आणला. आज सकाळी मी उठायच्या आत बातम्या लागल्या होत्या.