शेवटचा हप्ता

आर्थर मिलर यांचे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ हे नाटक १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आले. त्यातला विली लोमन हा ६३ वर्षांचा फिरता विक्रेता. चारचौघांना आवडणारा माणूस हमखास श्रीमंत होतो, हे अमेरिकन स्वप्न त्याने उराशी बाळगलेले. ३४ वर्षांच्या नोकरीनंतर फिरणे झेपेना, म्हणून तो तरुण मालकाकडे गावातलेच काम मागतो. याच मालकाचे नाव ठेवताना वडिलांनी विलीचे मत विचारले होते! पण मालक त्याला कामावरूनच काढतो. विम्याचे २० हजार डॉलर मुलाला मिळावेत म्हणून विली जीव देतो. अंत्यविधीच्या दिवशीच घराचा शेवटचा हप्ता फिटतो.

हप्ते आपल्याही घरी आहेत. दमून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावे, हिशेब नंतर.