काहीतरी चुकलं म्हणजे नक्की काय?

"काहीतरी चुकलं. कृपया पुन्हा प्रयत्न करा." आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याच्याइतकं निगरगट्ट वाक्य दुसरं नसेल. रेल्वेच्या चौकशी खिडकीवरचा माणूससुद्धा निदान "माहीत नाही, पुढच्या खिडकीवर जा" म्हणतो. हे वाक्य तेवढंही करत नाही. काय चुकलं? कोणाचं चुकलं? पुन्हा प्रयत्न केला तर वेगळं काय होणार आहे? उत्तर नाही. आणि खरी गंमत अशी, की बऱ्याच वेळा यंत्राला उत्तर माहीत असतं. ते फक्त तुम्हाला सांगत नाही.

हा राग आज काढायचं निमित्त म्हणजे टीव्हीच्या मागे खोचायची स्ट्रीमिंग स्टिक आणि तिला ब्लूटूथने जोडलेला हेडफोन. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या बाबतीत सगळेच एका माळेचे मणी. आमच्या साताऱ्याच्या घरी तिला 'काडी' म्हणतात. "अरे, तुझी काडी आज पुन्हा रुसली" असा आईचा फोन आठवड्यातून दोनदा तरी ठरलेला. (लावालावी करणारी काडी आणि ही काडी यात आमच्या घरी तरी फारसा फरक उरलेला नाही :) )

हेडफोन कशासाठी, तर बाबांसाठी. बाबांची ३० वर्षं मशीन शॉपमध्ये गेली. लेथ, मिलिंग, ग्राइंडर यांच्या आवाजात उभं राहून. त्या काळात कानाला काही लावायची पद्धत त्यांच्या शॉपमध्ये तरी नव्हती. त्यामुळे वरच्या पट्टीतले आवाज गेले ते गेलेच. असं होतं तेव्हा माणसाला 'ऐकू येत नाही' असं नसतं, 'कळत नाही' असं असतं. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त यांसारखी व्यंजनं विरून जातात. मग माणूस आवाज वाढवतो, स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात, आणि शेजारच्या काकू भिंत वाजवतात. हेडफोन लावला की खोलीतला घुमारा आणि पंख्याची घरघर मधून जाते, त्यामुळे बराच फरक पडतो. बाबा जुनी नाटकं पुन्हा बघायला लागले, आणि मधूनमधून एकटेच हसायला लागले. हे काही कमी नव्हतं.

मग काडी रुसायला लागली. कधी जोडणीच होईना, कधी आवाज तुटक तुटक, कधी यादीत हेडफोनचं नाव दिसतंय पण आवाज टीव्हीतूनच. प्रत्येक वेळी पडद्यावर तेच एक इंग्रजी वाक्य. आधी बाबा फोनवर विचारायचे, मी सांगायचो. महिन्याभराने त्यांनी विचारणंच सोडलं. एकदा म्हणाले, "राहू दे रे. मला नाही जमत हे. वय झालं आता." आणि हेडफोन कपाटात गेला.

या वाक्याने मी फार अस्वस्थ झालो. कारण हा माणूस लेथच्या आवाजावरून सांगायचा की बेअरिंग जाणार आहे, पुढच्या आठवड्यात थांबवा. बिघाड शोधणं हा ज्याचा आयुष्यभराचा व्यवसाय, त्याला एका प्लॅस्टिकच्या तुकड्याने पटवून दिलं की दोष तुझ्यात आहे! लेथ बाबांशी बोलायचं. आवाज, कंप, गरम झालेलं हेडस्टॉक, किशीचा बदललेला रंग, काही ना काही सांगायचं. ही काडी मात्र गप्प, आणि गप्प बसणाऱ्यासमोर माणूस स्वतःलाच दोष देतो.

तर पुढच्या वीकांताला साताऱ्याला गेलो, लॅपटॉप जोडला आणि काडीतला लॉग काढला. आणि बघतो तर काय, सगळं तिथे लिहिलेलं!

इथे थोडं तांत्रिक सांगणं भाग आहे, पण घाबरू नका. ब्लूटूथची जोडणी फसली किंवा तुटली की तिच्या नियमावलीप्रमाणे एक कारणाचा आकडा मिळतो. हे आकडे सोळाच्या पायाचे असतात, पण ते सोडा. ०४ म्हणजे हाक मारली, समोरून कोणी ओ दिली नाही. ०६ म्हणजे समोरच्याकडे आपली किल्लीच नाही. ०८ म्हणजे बोलता बोलता समोरच्याचा आवाज येणं बंद झालं, वाट बघून फोन ठेवला. १३ म्हणजे समोरच्याने स्वतःहून फोन ठेवला. १५ म्हणजे समोरचा बंद होतोय, बहुधा बॅटरी संपली किंवा कोणी बटण दाबलं. बघा, किती साधी, माणसासारखी कारणं आहेत! यातलं एकही असं नाही की जे माझ्या बाबांना किंवा तुमच्या आजीला कळणार नाही. आणि या सगळ्यावर आपल्या बंधूभगिनींनी एकच झाकण ठेवलंय: काहीतरी चुकलं.

आमच्याकडे तीन वेगवेगळे बिघाड एकाच वाक्याखाली लपले होते.

पहिला ०४. सकाळी आई तोच हेडफोन फोनला जोडून भजनं ऐकायची. तिने आणि बाबांनी एक वस्तू वाटून वापरली, यात गैर काय? पण बहुतेक हेडफोन चालू झाले की शेवटी ज्याच्याशी बोलले त्यालाच आधी शोधतात. रात्री बाबांनी बटण दाबलं की हेडफोन स्वयंपाकघरातल्या आईच्या फोनला जाऊन चिकटायचा. एका वेळी दोघांशी बोलणारे हेडफोन मिळतात, हा तसा नव्हता. काडी बिचारी हाका मारून थकायची. उपाय काय, तर आईच्या फोनचं ब्लूटूथ रात्री बंद. पाच सेकंदांचं काम. पण हे काडीने सांगायला नको? "हेडफोन उत्तर देत नाही. तो बंद आहे किंवा दुसऱ्या फोनला जोडलेला आहे", एवढं वाक्य लिहायला किती इंजिनिअर लागतात?

दुसरा ०६. शेजारचा मुलगा मदत करायला आला होता आणि त्याने हेडफोनचं बटण दहा सेकंद दाबून तो 'रिसेट' केला होता. पहिल्यांदा जोडणी होते तेव्हा दोन्ही यंत्रं मिळून एक गुप्त किल्ली बनवतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. रिसेटमध्ये हेडफोन आपली प्रत विसरला. काडीकडे मात्र जुनी प्रत होती, म्हणून यादीत नाव दिसत राहिलं. अशा वेळी शंभर वेळा पुन्हा प्रयत्न करा, काही होणार नाही. काडीच्या यादीतूनही ते नाव काढून टाकायचं आणि पहिल्यापासून जोडायचं. 'दोन्हीकडून विसरा, मग जोडा' हा मंत्र यासाठीच. आणि "पुन्हा प्रयत्न करा" हा सल्ला इथे नुसता निरुपयोगी नाही, सरळ चुकीचा आहे.

तिसरा तुटक आवाजाचा, जो अधूनमधून ०८ पर्यंत जायचा. यात मात्र मला खरी मजा आली. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. याच पट्ट्यात घरचं वायफाय, बिनवायरचा माउस आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती, सगळे दाटीवाटीने बसलेले. अगदी सहा वाजून गेल्यावरची एसटीच. यातून वाट काढायला ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. एक-एक मेगाहर्ट्झच्या ७९ जागा, आणि सेकंदाला १६०० उड्या. २००३ च्या आवृत्तीपासून तर ते गर्दीच्या जागा ओळखून टाळायलाही शिकलं. इतकी देखणी कारागिरी आहे ही! पण आमच्या घरी काडी भिंतीवरच्या टीव्हीच्या पाठीमागे, टीव्हीचा पत्रा आणि लोखंडी ब्रॅकेट यांच्या बेचक्यात, आणि वर बोटभर अंतरावर वायफायचा राउटर, तोही २.४ वर. कितीही उड्या मारल्या तरी बसायला जागा कुठे आहे? काडीबरोबर खोक्यात एक वीतभर एचडीएमआयची जोडवायर येते, जी लोक खोक्यातच ठेवतात. ती लावून काडी टीव्हीच्या कडेबाहेर आणली, काडीचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाकलं, राउटर दोन हात लांब नेला. तुटणं थांबलं.

कंपनीच्या हेल्पलाइनला आईने आधी फोन केलाच होता. त्यांचं उत्तर होतं, फॅक्टरी रिसेट करा. फॅक्टरी रिसेट म्हणजे पडद्यावरच्या कीबोर्डवर रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर टिपत वायफायचा पासवर्ड, मग प्रत्येक अॅपचा ईमेल, मग ओटीपी, जो येतो माझ्या पुण्यातल्या फोनवर. साठीच्या जोडप्याची संध्याकाळ त्यात जाते. आणि वर सांगितलेल्या तीनपैकी फार तर एक बिघाड त्याने गेला असता, बाकीचे दोन जसेच्या तसे. हे म्हणजे पंखा लागत नाही म्हणून घर पाडून पुन्हा बांधण्यासारखं झालं.

यावर आपल्याच क्षेत्रातले मित्र म्हणतात, "अरे, सामान्य युजरला डिटेल नको असतात. गोंधळतो तो." मला हे मुळीच पटत नाही. वॉशिंग मशीन बघा. त्यावर एक कोड चमकतो, माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं 'पाणी येत नाही, नळ तपासा', आणि महाराष्ट्रातली कोणतीही काकू उठून नळ तपासते. इन्व्हर्टरच्या पीपवरून लोकांना बॅटरी उतरलीय की लोड जास्त झालाय ते कळतं. लोक यंत्रांची भाषा शिकतात, त्यांनी आयुष्यभर तेच केलंय. युजर गोंधळतो तो माहिती मिळाल्यामुळे नाही, न मिळाल्यामुळे. स्वच्छ दिसणाऱ्या पडद्याचा आपल्याला इतका मोह पडलाय की त्यावर खरं कारण लिहिणं म्हणजे डाग पडल्यासारखं वाटतं. शिवाय कारण लिहिलं की जबाबदारी येते. "काहीतरी चुकलं" मध्ये चूक करणाराच नाही!

मी म्हणत नाही की पडद्यावर ०६ छापा. सेटिंगमध्ये एक पान ठेवा: शेवटच्या पाच वेळा जोडणी का तुटली, साध्या शब्दांत. मराठीत दिलं तर सोन्याहून पिवळं. माझ्यासारख्या पोराला मग साताऱ्याला लॅपटॉप घेऊन जावं लागणार नाही, आईच तो मजकूर फोनवर वाचून दाखवेल.

असो. एवढं सगळं ठीक झाल्यावर एक चौथी अडचण निघाली, जी कोणत्याही लॉगमध्ये नव्हती. हेडफोन जोडला की बहुतेक काड्या टीव्हीचा आवाज बंद करतात. म्हणजे बाबा ऐकणार आणि आई शेजारी बसून मूकपट बघणार. रोज संध्याकाळी दोघं एकत्र बसतात ती हीच वेळ, त्यामुळे हा उपाय नव्हताच. ज्याने हे डिझाइन केलं त्याच्या डोळ्यांसमोर रात्री एकटा टीव्ही बघणारा एकटा माणूस असावा. ब्लूटूथच्या नव्या ऑराकास्टमध्ये एकच आवाज हव्या तितक्या कानांना एकदम पाठवता येतो, श्रवणयंत्रांनासुद्धा. पण त्यासाठी टीव्ही आणि हेडफोन दोन्ही नवे लागतात.

तोवर जुना मार्ग. काडीचं ब्लूटूथ वापरायचंच नाही. काडी आवाज टीव्हीला देते, आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटला एक छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावायचा. बहुतेक टीव्हींवर ऑप्टिकल चालू असताना स्पीकरही चालू राहतो (हेडफोनच्या भोकात लावला तर मात्र स्पीकर गप्प होतो). ब्लूटूथचा आवाज थोडा मागून येतो, साध्या कोडेकवर १५० ते २५० मिलिसेकंद, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. बाबांना हे त्रासाचं, कारण ते आता ओठ बघूनही शब्द पकडतात. म्हणून कमी विलंबाचा कोडेक ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्हींत असेल असं बघून घ्या, एकात असून उपयोग नाही.

आणि कोणी हे करणार असेल तर दोन गोष्टी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वर ठेवा, डॉल्बीवर असेल तर स्वस्त ट्रान्समीटरला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या असतात, त्या लावण्याआधी काढा. आमच्याकडे बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून, वायर उजेडात धरून, मी काही बोलायच्या आतच त्या काढल्या.