उडी फक्त रिंगणातच का?



तुकोबांची पालखी इंदापूर तालुक्यात बेलवाडीला आली की गोल रिंगण होते. झेंडेकरी, डोईवर तुळस घेतलेल्या बाया आणि विणेकरी फेरे घेतात, मग अश्व सुटतो. सत्तरीचा वारकरी धोतराचा सोगा खोचून पळतो, पावलीत दोन्ही पाय जमिनीवरून उचलतो. तोच म्हातारा आमच्या कळस गावी घरी परतला की पोरं बजावतात, "आबा, आता जपून. सकाळी जरा चालून या, बास."

सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. चालण्याने दम टिकतो, उसळी टिकत नाही. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करे यांचे कौतुक सगळ्यांनी केले, पण तो दमाचा पराक्रम होता. उसळीचे गणित वेगळे. उसाच्या चारीवर पाय घसरला तर सावरायला सेकंदही मिळत नाही. मांडीतले बळ तेवढ्यात कामी आले तर ठीक, नाहीतर खुबा मोडतो. झटक्याने आखडणारे स्नायुतंतू वयानुसार आधी झिजतात. लंडनच्या संशोधकांनी १९९४ साली ६५ ते ८९ वयाच्या लोकांत पायांचा झटका आणि नुसती ताकद वेगवेगळी मोजली. ताकदीत वर्षाला एक-दोन टक्के फरक दिसला, पायांच्या झटक्यात सुमारे साडेतीन टक्के.

शाळेत खो-खो खेळलेल्याला हे समजावून सांगायला नको. पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की बसलेला गडी उठतो कुठे, उसळतोच. तालमीतल्या बैठकाही अशाच दणक्यात मारल्या जात. पन्नाशीनंतर दोन्ही सुटले आणि गावोगावच्या ओपन जिममध्ये पाय झुलवायचा पाळणा तेवढा उरला. त्यावर गप्पा छान होतात.

"गुडघे जातील" हा आक्षेप ठरलेला. गुडघा झिजलेला असेल, हाडे ठिसूळ असतील किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उडी मारूच नये. पण धडधाकट माणसाला सरसकट मनाई कशासाठी? इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठाच्या प्रयोगात ६५ ते ८० वयाच्या पुरुषांनी वर्षभर रोज एकाच पायावर सुमारे ५० उड्या मारल्या. दुसरा पाय तुलनेला राखून ठेवला. उड्यांच्या पायाचे खुब्याचे हाड काही भागांत ७ टक्क्यांपर्यंत भरले.

सुरुवात मात्र उडीने नको. खुर्चीवरून झटक्यात उठायचे, सावकाश बसायचे, सहा-आठ वेळा. सोबत टाचा उचलणे. काही आठवड्यांनी भिंतीला हात टेकून, मऊ मातीवर, चार बोटांची उडी; खाली येताना गुडघे किंचित वाकवायचे. आठवड्यातून दोन दिवस पुरे. वेग मंदावला की थांबायचे, घाम निघेपर्यंत रेटायचे नाही. वर्षभर बसून राहून एकदम रिंगणात उडी घेण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

गावच्या आरोग्य शिबिरात साखर आणि रक्तदाब तपासतात. कळसच्या पुढच्या शिबिरात आणखी एक तपासणी ग्रामपंचायतीने जोडावी: हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात. १५ च्या वर गेले तर पाय अशक्त धरतात. त्यासाठी एक खुर्ची आणि मोबाईलमधले घड्याळ लागते.

— एक वाचक, कळस (ता. इंदापूर, जि. पुणे)