आजीचं गोंदण म्हणजे नॉइज नव्हे

फोटोचं पेंटिंग करून देणारं बटण पेंटिंग करत नाही. ते फोटोतले तपशील पुसतं आणि त्या जागी ब्रश फिरल्याचा भास ठेवतं. उगाच भांडण उकरून काढतेय असं वाटेल, म्हणून आधी त्या बटणाच्या पोटात काय चालतं ते बघू.

रंगलेपासारख्या दिसणाऱ्या कित्येक फिल्टरांचं मूळ एका वैद्यकीय कामात आहे. १९७६ साली मिचियोशी कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी एक युक्ती मांडली. प्रत्येक पिक्सेलभोवती चार चौकोन धरायचे. ज्या चौकोनात चढउतार सगळ्यात कमी, त्याची सरासरी काढायची आणि ती त्या पिक्सेलला द्यायची. कडा शाबूत राहतात, मधलं सगळं बारीकसारीक सपाट होतं. नॉइज काढायला केलेली ही युक्ती फोटोवर चालवली की तो रंगाने लिंपल्यासारखा दिसतो. आज ऑइल पेंट म्हणून मिळणारे बरेच फिल्टर याच युक्तीचे नातू-पणतू आहेत.

आता या युक्तीसमोर आजीचा फोटो ठेवा. कपाळावरचं गोंदण, गालावरचे देवीचे व्रण, ओठांभोवतीच्या सुरकुत्या. गणिताच्या दृष्टीने हा सगळा चढउतार, म्हणजे नॉइज. उलट मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडा ठसठशीत, म्हणून त्या जपल्या जातात. आजी पुसट आणि कॅलेंडर स्पष्ट! कुठल्याही चित्रकाराने हे केलं नसतं, कारण तो आजीचं चित्र काढायला बसलेला असतो.

एआयवाले फिल्टर वेगळ्या वाटेने जातात. २०१५ साली एका चित्राची शैली दुसऱ्या प्रतिमेवर चढवण्याची पद्धत संशोधकांनी मांडली, २०१६ मध्ये प्रिझ्मा अ‍ॅपने तसली गंमत फोनवर आणली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये निम्म्या इन्स्टाग्रामचे डोळे घिबलीसारखे झाले. ही नवी साधनं चेहऱ्यावर नुसता ब्रश फिरवून थांबत नाहीत, अख्खा चेहरा नव्याने काढतात. वाढदिवसाच्या डीपीपुरतं ठीक आहे. पण गावातल्या चौकात लागलेला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स बघा. आयुष्यभर उन्हात राबलेला माणूस तिथे गोरा, गुळगुळीत, चाळिशीतला दिसतो. तोच फोटो फ्रेम होऊन, हार घालून भिंतीवर जातो. ज्यांनी पणजोबांना पाहिलं नाही, त्या मुलांसाठी तोच त्यांचा चेहरा ठरतो. माझा राग इथून सुरू होतो.

याचा अर्थ फोटोवरून चित्र काढूच नये, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी नाही. ‘फोटो बघून काढलंस? मग त्यात तुझं काय?’ हा टोमणा चित्रकलेच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी खाल्लेला असतो. टोमणा जुना आहे आणि पोकळही. राजा रविवर्मा व्यक्तिचित्रांसाठी फोटो वापरत. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये कृष्णधवल फोटोंवर हाताने रंग चढवणारे चित्रकार होते. कधीकधी त्या रंगाखाली मूळ फोटो जवळजवळ झाकला जाई. मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवणारे पेंटर छोट्या स्टिलवर चौकोनांची जाळी आखून चेहरा भिंतीएवढा करत. एम. एफ. हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात अशी होर्डिंग रंगवली. फोटो या सगळ्यांसमोर होता. काय मोठं करायचं, काय गाळायचं, हे मात्र त्यांनी ठरवलं.

डिजिटल सॉफ्टवेअरवर शिकायचं असतं ते हे ठरवणं. ‘दहा मिनिटांत फोटो टू पेंटिंग’वाले व्हिडिओ नेमकं तेच गाळतात. ते मेनू शिकवतात: इथे क्लिक करा, हा स्लायडर उजवीकडे, एक्स्पोर्ट. मेनू तर पुढच्या अपडेटमध्ये बदलेल. आणि पैसे नाहीत ही सबब इथे चालत नाही. क्रिता हे सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे, आणि फोनवर बोटाने काढायचं तर आयबिस पेंट आहे.

शिकायचं कसं? फोटो लेयरखाली ठेवून गिरवू नका, बाजूला ठेवा. क्रितामध्ये त्यासाठी रेफरन्स इमेजचं वेगळं टूलच आहे. गिरवलं की फोटोच्या चुकाही उतरतात. फोनचा कॅमेरा वाइड असतो, जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात. त्यात फोन स्वतःहूनच कातडी गुळगुळीत करतो. म्हणजे समोरचा फोटोही पूर्ण खरा नाही, तो तपासून घ्यावा लागतो.

मग फोटो कृष्णधवल करा आणि फक्त तीन छटांत, मोठ्या ब्रशने, चेहरा उभा करा: उजेड, मधला, सावली. डोळ्यांच्या पापण्या काढायची घाई झाली की झूम आउट करा. रंगाला आलात की आयड्रॉपर बाजूला ठेवा. फोटोतून उचललेला सावलीचा रंग बहुतेकदा मेलेला, काळपट निघतो, कारण कॅमेऱ्याला सावलीतलं फारसं दिसत नाही. खऱ्या सावलीत आकाशाची निळाई असते, शेजारच्या लुगड्याचा हिरवा असतो. तो रंग डोळ्याने शोधून स्वतः मिसळायचा. सुरुवातीला चुकतो. चाळीस वेळा चुकतो. अनडू आहेच.

शेवटी गोंदण. ते तीन ठिपके कुठे, किती गडद, वयाने किती निळसर झालेले, हे ठरवायला तुम्हाला आजीकडे बघावं लागतं. ती नसेल तर आईला विचारावं लागतं. मागचं कॅलेंडर तुम्ही दोन फटकाऱ्यांत उडवता. या दोन निर्णयांत चित्र आहे. ते सॉफ्टवेअरवर झालं की कॅनव्हासवर, याने काडीचाही फरक पडत नाही.

‘पण एवढा वेळ कुणाला आहे?’ नसेल तर बटण दाबा, कुणी पोलीस येणार नाही. फक्त त्याला पेंटिंग म्हणू नका, आणि ‘हॅंडमेड पोर्ट्रेट’ म्हणून कुणाच्या शोकात बुडालेल्या घराला हजारो रुपयांना विकू नका. असं विकणारे आहेत, आणि घेणाऱ्यांना आपण काय घेतोय हे सांगितलं जात नाही.

बाकीच्यांसाठी एकच काम. तुमच्या गॅलरीत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा एखादा फोटो असेल. तो उघडा आणि फिल्टर न लावता पाच मिनिटं नुसता बघा. कुठला व्रण, कुठली सुरकुती, कुठला तीळ गेला तर तो माणूस तो राहणार नाही, याची यादी करा. मग रिकामा कॅनव्हास उघडा आणि त्या यादीपासून सुरुवात करा.