पंधरा दिवसांतून एकदा दार वाजावं

गोव्यात २००८ साली एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडे त्याची हकीकत फारशी कुणी सांगत नाही, म्हणून आज जरा सविस्तर सांगते. गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि ‘संगत’ या संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस असलेली ८१ कुटुंबं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाला आजाराची माहिती दिली आणि सांगितलं, सहा महिने थांबा, मग तुमच्याकडेही येतो. दुसऱ्या गटातल्या प्रत्येक घरी पंधरा दिवसांतून निदान एकदा एक माणूस जाऊ लागलं. हे माणूस डॉक्टर नव्हे आणि नर्सही नव्हे. जेमतेम बारावीपर्यंत शिकलेलं, तिथली भाषा बोलणारं, आठवडाभराचं प्रशिक्षण घेतलेलं. अडलं तर विचारायला त्याच्या पाठीशी समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ.

घरी जाऊन ही सल्लागार माणसं काय करत? आजार म्हणजे काय ते समजावून सांगत. आंघोळ, जेवण, कपडे या रोजच्या लढाया कमी कशा करायच्या ते दाखवत. रात्री झोप नाही, अंगावर धावून येतात, अशी तक्रार असली तर डॉक्टरांशी गाठ घालून देत. ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजनेचा कागद कुठे मिळतो ते सांगत, अशाच दुसऱ्या घराशी ओळख करून देत. आणि ऐकून घेत.

सहा महिन्यांनी मोजदाद झाली. रुग्णांच्या वागण्यात किंवा रोजची कामं स्वतः करण्यात खात्रीने सांगावा असा फरक पडला नव्हता. १८ जण तर त्या काळात गेले. पण ज्या घरी भेटी झाल्या तिथल्या सांभाळणाऱ्यांची मनं सावरली होती. रुग्णाच्या वागण्याने होणारी त्यांची घालमेल थांबायला सांगितलेल्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली होती.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, आणि त्यातलं अपयशही. या आजाराला आज तरी मुळापासून बरं करणारं औषध नाही. जे बदलता येत नाही त्याच्यामागे पैसा आणि पायपीट संपवायची, आणि जिच्यासाठी काही बदलता येतं त्या सांभाळणाऱ्या बाईकडे कुणी बघायचंच नाही, असा आपला रिवाज आहे. बाई म्हणते, कारण बहुतेक घरांत ती पत्नी, सून किंवा लग्न न झालेली मुलगी असते.

तिचा दिवस कसा जातो ते जवळून बघितलं की कळतं. माझ्या ओळखीतल्या एका घरी सेफ्टी डोअरला नेहमीची कडी आहेच, शिवाय पार वर, हात ताणल्याशिवाय पोचत नाही अशा ठिकाणी दुसरी बसवली आहे. गॅसचा रेग्युलेटर रात्री काढून कपाटात. बाथरूममधली फिनेलची बाटली माळ्यावर. दुपारी चारपर्यंत आजोबा बरे असतात, पेपर उलटा धरून का होईना पण वाचत बसतात. दिवेलागणीला मात्र पिशवी भरायला लागतात. त्यात एक चप्पल, टीव्हीचा रिमोट, अर्धी पोळी. “चला, आता घरी जायला हवं, आई वाट बघत असेल.” चाळीस वर्षं ते त्याच घरात राहताहेत. सुरुवातीला सून सांगायची, “अहो बाबा, हेच आपलं घर, आणि आजींना जाऊन तीस वर्षं झाली.” मग आई गेल्याची बातमी ते रोज नव्याने ऐकायचे, रोज नव्याने रडायचे. आता ती म्हणते, “जाऊ या की बाबा, चहा घेऊन निघू.” चहा होईपर्यंत पिशवीचा विसर पडतो. हे तिला कुणी शिकवलं नाही, दीड वर्ष धडपडून कळलं. गोव्यातल्या त्या सल्लागाराने तिला हे दुसऱ्याच भेटीत सांगितलं असतं.

आता आकड्यांकडे येऊ. देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवरून काढलेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून जास्त जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांत आणि खेड्यांत हे प्रमाण जास्त. त्या हिशेबाने दीडशे सभासदांच्या ज्येष्ठ नागरिक संघात दहा-अकरा जण निघायला हवेत. शहरी, शिकलेल्या मंडळींत प्रमाण कमी असतं म्हणून पाच धरा. हे पाच जण आहेत कुठे? सहलीच्या फोटोत नाहीत, कोजागरीला नाहीत, वाढदिवसाच्या फळ्यावर तेवढं नाव असतं.

ते कसे गळतात हे मी एका संघात बघितलं आहे. वर्षानुवर्षं जमाखर्च चोख ठेवणारे खजिनदार. एकदा त्यांनी एकाच सभासदाकडे वर्गणी दोनदा मागितली. पुढे तोच किस्सा एका बैठकीत तीनदा सांगितला. कुणी खुसुखुसू हसलं, कुणी मोठ्याने म्हणालं, “अप्पा, झालं हे सांगून.” मग वह्या दुसऱ्याकडे गेल्या, सकाळी बोलवायला जाणारा मित्र थांबला. घरच्यांनाही हायसं वाटलं, कारण चारचौघांत फजिती नको. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण ज्या माणसाला रोज उठून जायला एक जागा आणि ओळखीचे दहा चेहरे सर्वांत जास्त हवे होते, त्याचेच ते काढून घेतले गेले.

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचं जाळं आहे, ‘फेस्कॉम’सारखा त्यांचा महासंघ आहे, नगरपालिकांनी बांधलेली विरंगुळा केंद्रं आहेत. इतकी तयार मांडणी फार थोड्या राज्यांत असेल. आणि ती वापरतो कशाला? २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनी एक व्याख्यान, बदाम-अक्रोडांचे फायदे आणि शब्दकोड्यांची स्पर्धा. व्याख्यानाला येतात ते आपल्याला हे होऊ नये म्हणून. ज्यांच्या घरी झालंय त्यांना दोन तास घर सोडून येताच येत नाही.

जपानने २००५ साली एक साधी गोष्ट सुरू केली. या आजाराची ओळख करून देणारा दीड तासाचा वर्ग, कुणीही बसावं: दुकानदार, बँकेतला कारकून, शाळकरी मुलं. वर्गानंतर मनगटात नारिंगी कडं. आज असे सहाय्यक कोटीच्या वर आहेत. नेदरलँड्समध्ये १९९७ साली बेरे मीसेन या मानसशास्त्रज्ञाने ‘अल्झायमर कॅफे’ काढला. रुग्ण आणि घरचे एकत्र येऊन बसणार, खाणार-पिणार, बोलणार, एवढंच त्याचं स्वरूप. हे परदेशी दाखले मी जपून देते, कारण लगेच कुणीतरी म्हणतं, त्यांच्याकडे एकत्र कुटुंब नाही म्हणून त्यांना हे लागतं. आपल्याकडचं एकत्र कुटुंब म्हणजे बहुतेक वेळा एकटी सून आणि दर रविवारी फोनवरून सूचना देणारे चार जण, हे त्या कुणीतरीला एकदा सांगायला हवं. आणि देशातलाच दाखला हवा तर केरळ घ्या. अल्झायमरच्या कुटुंबांसाठी काम करणारी एआरडीएसआय ही संस्था १९९२ साली तिथे उभी राहिली आणि पुढे राज्य सरकारने तिला हाताशी धरून दिवसभराची सांभाळ केंद्रं काढली.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. संस्कृतचे विद्वान प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे चालत हरवतात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. शास्त्री झालेले मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि अमृता सुभाषला चन्नम्माच्या भूमिकेचं राष्ट्रीय पारितोषिक, त्यामुळे अभिनयाबद्दल मी वेगळं काय सांगणार? चन्नम्माला आजाराचं नाव ठाऊक नाही. ती त्यांना लहान मुलासारखं घेते, भरवते. प्रेक्षक तिथे विरघळतात, मीही. तरी बाहेर पडताना मनात येतंच की चन्नम्माला थोडाच वेळ निभवायचं होतं. शास्त्रीबुवांच्या मुलीपुढे कितीतरी वर्षं आहेत, आणि तिने आवाज चढवला की आपण नाक मुरडतो.

म्हणून संघांकडे मागणं अगदी थोडं आहे. आठवड्यातली एक दुपार ठेवा. विसरायला लागलेल्या सभासदांना दोन तास ओळखीच्या चेहऱ्यांत बसवा. भजन असेल, शेंगा सोलणं असेल, जुन्या गाण्यांच्या भेंड्या असतील. गाणी बरीच उशिरापर्यंत टिकतात, हे अशा घरांत कुणालाही विचारा. तेवढ्यात ती सून बँकेत जाईल, दाताच्या डॉक्टरकडे जाईल, नाहीतर नुसती झोपेल. आणि संघातल्या धडधाकट मंडळींपैकी दोघांनी महिन्यातून दोनदा अशा घरी जावं. “काय, ओळखलंत का मला?” एवढं मात्र विचारू नये. आपलं नाव आपणच सांगून बसावं.

खेड्यात हे काम आशाताईंकडे जाईल, अशी चर्चा होईलच. गोव्यातल्या सल्लागारांपेक्षा त्या काही कमी नाहीत. गावातलं प्रत्येक घर त्यांना आतून माहीत असतं, आणि कुठल्या आजीला खोलीत कोंडून सगळे शेतावर जातात हेही. पण ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून कागदावर असूनही या आजारासाठी त्यांच्या हाती फारसं काही पडलेलं नाही. प्रशिक्षण, पाठीशी एक डॉक्टर आणि वेगळं मानधन, हे तिन्ही मिळणार असेल तर त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही. त्यांच्या पिशवीत फक्त आणखी एक रजिस्टर कोंबायचा बेत असेल, तर ही सूचना मी आत्ताच मागे घेते.